पाऊणकीचा पाढा आणि मुरूडचे चार दिवस

यावेळी आईला समुद्र दाखवायचा होता. तसा तिने पाहिलेला आहेच, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं ती पुण्याबाहेर पडली नव्हती, त्यामुळे पायऱ्या कमी, खाट उंच, कमोड पाहिजे, आणि दारातून वाळूपर्यंत चालत जाता आलं पाहिजे अशी सगळी यादी घेऊन नवरा दोन आठवडे बुकिंग शोधत होता. शेवटी दापोली तालुक्यातलं मुरूड ठरलं. (अलिबागकडचं जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, हे मी ऑफिसात किमान सहा जणांना समजावलं.) एका माडाच्या वाडीत दोन खोल्या, पडवी आणि छोटं किचन असलेली कॉटेज. आम्ही सात जण: आई, आम्ही दोघं, आमची नऊ वर्षांची लेक, दीर, जाऊ आणि त्यांचा पाच वर्षांचा उद्योगी मुलगा. मार्च तोंडावर, परीक्षा जवळ, शाळेत दोन दिवसांची रजा मागताना मी "घरगुती कारण" असं लिहिलं, ते खोटं नव्हतं.

दिवस पहिला

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सव्वासातला निघालो. ताम्हिणी, माणगाव, मग गोरेगावावरून आंबेत. सावित्रीवरचा पूल ओलांडला की रायगड जिल्हा संपतो आणि समोर म्हाप्रळला रत्नागिरी जिल्हा सुरू होतो, आणि नेमकं तिथेच पुतण्याला उलटी झाली, त्यामुळे जिल्ह्याची हद्द आमच्या चांगली लक्षात राहिली. मंडणगडात जेवण, तिथून दापोली वळणावळणाचा रस्ता. हवेत आंब्याच्या मोहोराचा वास होता, काही झाडांना गोटीएवढ्या कैऱ्या धरलेल्या.

मुरूडला पोचायला साडेचार वाजले. कॉटेजच्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीतून गडगा, म्हणजे दगडी कुंपण दिसतं, गडग्यापलीकडे सुरूची झाडं, आणि त्यापलीकडे समुद्र आहे असं ऐकू येतं. नवऱ्याचा चेहरा पडला, पण आई म्हणाली, "बरंय, रात्रभर वारा अंगावर नको." तिला पडवीतला झोपाळा दिसला होता, बाकी काही दिसतच नव्हतं.

मुलं बॅगा टाकून थेट पाण्याकडे पळाली आणि पाच मिनिटांत परत आली. "आई, बीचच नाहीये!" खरंच नव्हता. मी जाऊन बघितलं तर लाटा जवळजवळ सुरूच्या मुळांपर्यंत, मधे दोन-चार पावलांची भुसभुशीत वाळू, तिच्यावर कोरडा कचरा आणि नारळाच्या झावळ्या. इंटरनेटवर लांबच लांब किनारा वगैरे वाचून आलेलो आम्ही.

काकू, म्हणजे कॉटेजच्या मालकीणबाई, चहा घेऊन आल्या तेव्हा मी जरा नाराजीनेच विचारलं की किनारा इतका अरुंद कसा. त्या हसल्या. "अहो, आज पंचमी. पावणेचारला भरली. आत्ता कुठे उतरायला लागलीय. सकाळी दहाला जा, मग सांगा अरुंद."

पावणेचार हे इतकं नेमकं कसं, तर काकूंनी सांगितलं की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. हे एवढं बोलून त्या वळल्या आणि मागून झोपाळ्यावरून आवाज आला, "एकाला पाऊण, दोनाला दीड, तीनला सव्वादोन, चारला तीन, पाचाला पावणेचार..." आई! डोळे मिटून, झोका घेत, पाऊणकी म्हणत होती. पावकी, निमकी, पाऊणकी हे तिच्या शाळेत छडी खाऊन पाठ केलेलं, आणि सत्तर वर्षांत त्याचा काही उपयोग झाला नाही असं तीच नेहमी म्हणायची. काकू अर्ध्या वाटेतून परत आल्या आणि पुढचा पाऊण तास दोघींच्या गप्पा (पाऊण तास, खरंच).

लेकीला गणित पटेना. रोज वेळ का बदलते? तर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागे जाते, तिथीमागे पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, हिशोब जवळपास जुळतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, परत तेवढ्यानेच भरती. दिवसातून दोनदा भरायचं, दोनदा उतरायचं. घड्याळाच्या मिनिटाला मिनिट जुळत नाही, वारा असला, किनारा वेगळा असला की थोडं मागेपुढे होतं, पण पोहायला किंवा होडीत बसायला जाणाऱ्याला एवढं पुरे.

रात्री जेवून पडवीत बसलो तर लांबून एकदम पोरांचा आरडाओरडा. आम्हाला वाटलं भांडण. काकू म्हणाल्या, आज फाक पंचमी, शिमगा सुरू झाला. आपल्याकडे पुण्यात होळी एक दिवस, इथे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून रोज छोटी होळी पेटते आणि पोरं फाका मारतात, म्हणजे बोंबा मारत काय काय ओरडतात. काय ओरडतात ते पुतण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला म्हणून दाखवलं. जावेने चमचा खाली ठेवला.

दिवस दुसरा

आज षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाच्या आसपास ओहोटी. लेकीने वहीत लिहून ठेवलेलं. साडेआठला गेलो आणि कालचा तोच किनारा ओळखू येईना. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट, आणि त्यावर लहान खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढून ठेवलेली, पाऊल टाकायला नको वाटावं अशी. आई काठी न घेता चालली! मऊ वाळूत तिला दहा पावलंही जमली नसती. दिराबरोबर हळूहळू कर्द्याच्या दिशेने बरीच पुढे गेली, आम्हालाच हाका मारून परत बोलवावं लागलं.

डॉल्फिनची होडी केली. दिसले, तीन-चार वेळा पाठ आणि पर, पोरं खूश. पण एकाच ठिकाणी सात-आठ होड्या इंजिनं गरगरवत त्यांच्या मागे लागलेल्या बघून मला काही फार बरं वाटलं नाही, पुन्हा करणार नाही.

दुपारी ऊन फार म्हणून आसूदला केशवराज. दापोली-हर्णे रस्त्यावर गाडी लावायची आणि खाली उतरायचं, पोफळीच्या बागेतून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट जाते, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, दगडी पाटातून खळाळत पाणी, आणि वर बघितलं तर पोफळी इतक्या उंच आणि सरळ की मान दुखते. बाहेर चाळीशी गाठलेली गरमी आणि आत शाल घ्यावीशी वाटेल असा गारवा. खाली ओढ्यावर पूल आहे, तो ओलांडला की पलीकडे चढ. आई पुलापर्यंत आली आणि दगडावर बसून म्हणाली, "मी इथूनच नमस्कार करते, देवाला दिसतं." आम्ही वर गेलो. देऊळ लहान, दगडी, आत विष्णूची काळी मूर्ती, आणि बाहेर गोमुखातून अखंड पाणी पडतं ते डोंगरातून येतं. पुतण्याने त्या पाण्याखाली डोकं घातलं, मग सगळ्यांनीच घातलं. खाली आलो तर आईच्या शेजारी एक आजोबा बसलेले आणि दोघांची सुपारीच्या भावावर चर्चा चाललेली.

साडेचारला हर्णे बंदर. मासे न खाणाऱ्यानेही बघावं असं आहे ते. भरतीची वेळ, होड्या जवळ आलेल्या, मोठ्या बोटींवरून माल लहान होड्यांत, तिथून किनाऱ्यावर, आणि पाण्यात चाकं बुडतील इतक्या आत उभ्या बैलगाड्या. वाळूवरच माशांचे ढीग आणि त्याभोवती माणसांचं कडं, मधे एक जण आकडे ओरडतोय. आकडे कळतात पण कोण कुणाला काय विकतंय ते कळत नाही, भुवई हलली तरी बोली लागत असावी. दिराने उत्साहात हात वर केला तर एक मावशी ओरडल्या, "ओ दादा, हात खाली, वीस टोपल्या घेताय की काय!" किरकोळवाल्यांनी लिलावात पडायचं नाही, बाजूला बसलेल्या बायकांकडून वाटा घ्यायचा. आम्ही सुरमई आणि कोळंबीचा वाटा घेतला. जूनची १ तारीख ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात जाऊन हे बघायला मिळणार नाही.

काकूंच्या घरात मासे चालत नाहीत, पण दोन घरं पलीकडच्या मावशी करून देतात, ही इथली नेहमीची सोय. मावशींनी सुरमई तळली, कोळंबीचं कालवण केलं. आईला आणि मला काकूंकडचं कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. दोन्ही पार्ट्यांना आपलंच जेवण जास्त चांगलं होतं असं आजही वाटतं आणि त्यावरून गाडीत भांडण झालेलं आहे.

त्या रात्री लाइट गेली. काकू कंदील घेऊन आल्या आणि पायरीवर टेकल्या. मी सहज म्हटलं, वाडीत ही कॉटेजपुरतीच मोकळी जागा बरी मिळाली, झाडं तोडावी लागली असतील ना. त्या म्हणाल्या, "आम्ही नाही तोडली. निसर्गने तोडली." मला कळायला दोन सेकंद लागले. निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ. सकाळी वारा सुरू झाला आणि दुपारपर्यंत सासऱ्यांनी लावलेले माड मुळासकट आडवे, पोफळी काडीसारख्या मधेच मोडलेल्या, कौलं उडून विहिरीत. पुढे कितीतरी आठवडे वीज नाही. त्यात लॉकडाऊन, मुंबईतला मुलगा येऊ शकत नव्हता. पोफळ लावली तर हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात, माडाचं तसंच, तोवर खायचं काय, म्हणून पडलेल्या जागेवर कर्ज काढून या दोन खोल्या बांधल्या. "झाडं असती तर तुम्ही आला नसता," असं म्हणून त्या उठल्या. कंदील ठेवून गेल्या. आमच्या खिडकीसमोरची ती कमरेएवढी बुटकी पोफळीची रांग मी आदल्या दिवशी शोभेची झाडं समजले होते.

दिवस तिसरा

सप्तमी, सव्वापाच. सकाळी सुवर्णदुर्गला जायचं होतं. हर्ण्याच्या किनाऱ्यावरून समोरच दिसतो, पाव तासाचं अंतर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात हा आहे, त्यामुळे तिथे आता धक्का वगैरे असेल असं आम्हाला वाटलं होतं. नाही. होडी वाळूला लागते आणि उडी मारायची. आई आली नाही, ती काकूंबरोबर कोकमं बघायला.

किल्ल्याचा दरवाजा समोर जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या दोन बुरुजांत असा लपवलाय. पायरीवर कासव कोरलेलं आहे, बाजूला भिंतीत मारुती. आत झाडी माजलेली, पाण्याची टाकी, वाड्यांची जोती, आणि तटावर चढलं की चहूकडे पाणी. हा कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तळ. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले याच्याच पाठराखणीला. आणि गेला कसा? १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे आणि पेशव्यांचं फाटलं, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं, आणि कमोडोर जेम्सच्या तोफांनी तो घेतला. आपलंच आरमार आपणच इंग्रजांकरवी मोडवून घेतलं, हे त्या तटावर उभं राहून नवरा इतका वेळ तावातावाने सांगत होता की होडीवाला खालून हाका मारायला लागला.

आणि त्याच्या हाकांचं कारण परत आल्यावर कळलं. अकरा वाजलेले, म्हणजे ओहोटी. सकाळी जिथे होडीत बसलो तिथे आता चिखल. होडी लांबच थांबली, गुडघाभर पाण्यातून आणि मग घोट्याभर काळ्या चिखलातून चालत यायचं, मुलं खांद्यावर. माझी एक चप्पल त्या चिखलाने खाल्ली ती खाल्लीच, हात घालून शोधली तर दुसऱ्याच कुणाची तरी मिळाली. लेक खांद्यावरून म्हणते, "मी सांगितलं होतं अकराला ओहोटी." सांगितलं होतं, खरं आहे.

संध्याकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. पूर्वी खाडी होडीने ओलांडून आणि मग पायऱ्या चढून जायचे, आता पूल आहे आणि गाडी थेट वर देवळापाशी जाते, त्यामुळे आई जिंकली. उजव्या सोंडेचा गणपती. देऊळ मूळचं लाकडी होतं म्हणतात, आजचं बांधकाम १७६८ ते १७८० मधलं. पण आईला आवडली ती गोष्ट अशी की पूर्वी देव खाली किनाऱ्यावर होता, समुद्र पुढे सरकत आला तेव्हा उठून टेकडीवर गेला, आणि जाताना टाकलेलं पाऊल डोंगराच्या वाटेवर दाखवतात. "देवालासुद्धा भरती बघून घर बदलावं लागलं," आई म्हणाली. वरून समोर सुवर्णदुर्ग, तांबूस झालेलं पाणी, आणि त्यावर सप्तमीचा अर्धा चंद्र आधीच उगवून बसलेला.

उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे आणि पन्हाळेकाजीची २९ लेणी यादीत होती, राहिली. दाभोळही राहिलं. तीन रात्रीत जे झालं ते झालं.

दिवस चौथा

पहाटे साडेपाचला उठून परत आंजर्ले, यावेळी किनाऱ्यावर. या भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आधी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे संवर्धनाचं काम सुरू झालं आणि मग आजूबाजूच्या गावांनी घेतलं. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वरसुद्धा अंडी घालते, झाकते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. कोल्हे-कुत्रे उकरू नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती अंडी काढून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून ठेवतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं. वाळू किती तापली त्यावर नर की मादी ते ठरतं, हे ऐकून जाऊ म्हणाली बरंय, सासू विचारायला नको.

पिल्लं रोज निघतातच असं नाही. कासवमित्राने आदल्या दिवशीच सांगितलेलं की आशा ठेवू नका. टोपली उचलली, आणि खाली नऊ होती. तळहातापेक्षा लहान, काळपट, वाळूने माखलेली. पाण्यात सोडत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि त्यांचं त्यांना चालू देतात. दोरीमागे आम्ही पन्नासेक माणसं, आणि कुणी हूं की चूं नाही. मोबाइलचा फ्लॅश मारायचा नाही असं बजावलेलं, तरी एकाने मारला, आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मोबाइल खिशात टाकला.

अष्टमी. आठाला सहा. समुद्र नुकताच भरून थांबलेला, त्यामुळे पिल्लांना चालायचं अंतर अगदी थोडं होतं. आठ गेली. नववं उलटं पडलं, पाय हलवत राहिलं, पुतण्या रडायला लागला. एक लाट आली, ती त्याला उलटवून सरळ करून गेली, पुढची आली आणि घेऊन गेली.

मुक्कामाला येऊन आंबोळ्या खाल्ल्या, बिल दिलं, काकूंनी न मागता कोकमं, आमसुलाची चटणी आणि एक शहाळं गाडीत टाकलं. आईने त्यांचा नंबर घेतला, माझ्या मोबाइलवर नाही, स्वतःच्या डायरीत. निघताना अकरा वाजले. मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव, परीक्षेसाठी ते इथून पायी साताऱ्याला गेले होते आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, हे मी गाडीत मुद्दाम सांगितलं, कारण मागून "अजून किती वेळ" सुरू झालं होतं आणि आम्ही अजून दापोलीतही पोचलो नव्हतो. परिणाम शून्य.

ताम्हिणी चढलो, पौड गेलं, आणि भूगावाच्या आधी ट्रॅफिक जाम. समोर डंपर, मागे डंपर, धूर, हॉर्न. पुतण्या झोपलेला, डिकीत ओले कपडे आंबायला लागलेले, माझ्या पायात काकूंनी दिलेली स्लिपर. बराच वेळ कुणी बोललं नाही. आईने चष्मा वर करून मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सहा वाजले," ती म्हणाली.

"भरली," मागून लेक म्हणाली.

डंपर तसूभर पुढे सरकला.